सिताराने मोजून घेतलेली वीस पिसं

जुन्या नाशकात आमच्या गल्लीत सिताराकडून ब्लाउज शिवून घेतला नाही अशी बाई नाही, आणि तो घट्ट झाला असं तिच्या तोंडावर म्हणायची हिंमत असलेली बाईही नाही. कुणी म्हणालंच, तर सितारा चष्म्यावरून बघते आणि म्हणते, "माप घेताना तू दम कोंडून उभी होतीस. आता तसंच उभं राहायचं." मी तिच्या खालच्या खोलीत तीस वर्षं राहते. ती मला शकूमावशी म्हणते. वयाने मी वीसेक वर्षं मोठी, पण राग धरून ठेवण्यात ती माझी गुरू. माझा राग दुपारच्या भाकरीपर्यंत टिकत नाही. सिताराचा आठ वर्षांचा होता आणि बरणीतल्या लोणच्यासारखा मुरला होता.

तो राग कारभारीवर. चार गल्ल्या सोडून राहतो. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेला. विमानांना पंख जोडण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने काय केलं ते ऐका.

सिताराचा नवरा नौशाद पितळी भांड्यांना पॉलिश करायचा आणि उरलेला जीव कबुतरांना द्यायचा. गच्चीवर लाकडी ढाबळ, आणि ढाबळीच्या वर उंच बांबूला बांधलेली पट्ट्यांची चौकट. तिला कबूतरवाले छत्री म्हणतात. आभाळातून आलेल्या पाखराने आधी छत्रीवर बसायचं, मग घरात उतरायचं. ज्याची छत्री उभी तो कबूतरवाला. छत्री खाली आली की माणूस त्या बिरादरीतून उठला.

कारभारीचीही छत्री होती आणि दोघांची दोस्ती होती. दोस्तांत रीत अशी, की तुझं पाखरू चुकून माझ्या छत्रीवर बसलं तर मी परत देणार, माझं बसलं तर तू द्यायचं. नौशादची सुरमी नावाची एक मादी होती. राखाडी रंगाची, डोळ्याला काजळ घातल्यासारखी. एका शर्यतीत तिने कारभारीच्या सगळ्या कबुतरांना मागे टाकलं. पुढच्याच आठवड्यात ती वाऱ्यात भरकटली आणि नेमकी कारभारीच्या छत्रीवर बसली. कारभारीने ती परत दिली. देताना दोन्ही पंखांची सात-सात मोठी पिसं कात्रीने कापून दिली. वर म्हणाला, "रीत मोडली का? परत दिली ना?"

उडता न येणारी सुरमी तिसऱ्या दिवशी मांजराने नेली. त्याच हिवाळ्यात नौशाद दम्याने गेला. दम्याचा आणि पिसांचा काही संबंध नाही हे मला कळतं, डॉक्टरलाही कळत होतं. सिताराने तो लावला तो लावलाच.

लोकांना वाटलं आता ती कबुतरं विकेल. तिने शिलाई मशीन गच्चीच्या दारात नेऊन ठेवलं. एक डोळा टाक्यावर, एक डोळा वर. बाजरी किती, हरभरा किती, पाखराला जुलाब झाले तर काय द्यायचं, सगळं शिकली. "बाईमाणसाने छत्री धरायची का गं?" असं एकीने विचारलं, तर म्हणाली, "बाईमाणसाने शिवलेलं अंगात घालता ना?"

दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात कारभारी चहाच्या टपरीवर बोलला, की नौशाद गेल्यापासून त्याची छत्री कावळ्यांना बसायला झाली आहे. ते बोलणं गच्चीपर्यंत यायला अर्धा तासही लागला नाही. सितारा हातातला ब्लाउज तसाच सुईत ठेवून उठली, टपरीवर गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "कारभारीभाऊ, तुझी सहा, माझी सहा. सेंधव्याहून सोडायची. जो हरेल त्याने आपली छत्री आपल्या हाताने उतरवायची."

कारभारीला नाही म्हणायची सोय नव्हती. पंच म्हणून जयरामला घेतलं. तो टेंपोवाला, मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडे त्याच्या फेऱ्या असतात. त्याने नियम सांगितला. "ज्याचं पाखरू पहिलं आपल्या छत्रीवर येऊन बसेल तो जिंकला. तीन दिवस वाट बघायची. पाखरू स्वतःच्या पंखाने आलं पाहिजे. हाताने आणलेलं, गाडीने आणलेलं धरणार नाय. पैजेला सहा पाखरं नसतील तो उडवायच्या आधीच हरला."

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी दोघांच्या टोपल्या टेंपोत चढल्या. शनिवारी सकाळी सहाला जयरामने त्या सेंधव्याला उघडल्या. पाखरांना चार तासांचा रस्ता. दहाला पहिलं पाखरू दिसायला हवं.

दहा वाजले, अकरा वाजले. सितारा गच्चीत उभी, डोळ्यांवर हात धरून. ऊन असं, की फरशीवर पाणी सांडलं तर वाळायच्या आधी उकळेल. बारा वाजता मी ताक घेऊन वर गेले. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही प्या. माझ्या घशातून उतरणार नाही." संध्याकाळपर्यंत एकही आलं नाही. सहाच्या सहा गेली. त्यातली तीन सुरमीच्या पिलांची पिल्लं होती.

रविवारी सकाळी सिताराने कापडाची मोठी कात्री ओढणीखाली घेतली आणि जिना उतरायला लागली. मी विचारलं, "कुठं?"

"कारभारीच्या बांबूचे दोर कापायला. त्याने जयरामला फितवलंय. माझी टोपली उघडलीच नसेल."

तिची मुलगी अदिबा जिन्यात आडवी उभी राहिली. ही कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते, आणि आईसमोर उभी राहणारी आमच्या गल्लीत ती एकटीच. ती म्हणाली, "अम्मी, कारभारीकाकांचीही आली नाहीत."

"लपवली असतील."

"जिंकायच्या शर्यतीत आपली कबुतरं कोण लपवतं?"

सिताराने कात्री दुसऱ्या हातात घेतली आणि आणखी एक पायरी उतरली. शेवटी अदिबाने तिला पायरीवर बसवलं आणि मोबाइल दाखवला. लडाखकडचं आभाळ लाल झालं होतं, कुणीतरी गुलाल उधळल्यासारखं. अदिबा म्हणाली, की हे सूर्याचं काम आहे. सूर्यावरून तापलेल्या कणांचे मोठे लोट सुटले आणि दोन दिवसांत पृथ्वीवर येऊन आदळले. शुक्रवारी रात्री सुरू झालं, शनिवारी सकाळी सगळ्यात जोर होता. वीस वर्षांत एवढं मोठं वादळ आलं नव्हतं.

"वारा तर पानही हलवत नव्हता," मी म्हणाले.

"वाऱ्याचं नाही, मावशी. पृथ्वी म्हणजे एक मोठं लोहचुंबक आहे. होकायंत्राची सुई तिच्याच ओढीने उत्तर दाखवते. वादळाने ती ओढच हलली. कबुतरांना म्हणे तीच ओढ कळते, तिच्यावरून ती घर शोधतात. अशा दिवशी शर्यतीतली कबुतरं चुकतात असं जाणकार सांगतात. आपल्या सहांचं तेच झालं हे मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. पण जयरामकाकांपेक्षा मला सूर्याचाच संशय जास्त."

तिने आणखी सांगितलं. आभाळात माणसांनी सोडलेले हजारो उपग्रह फिरतात. सूर्य असा भडकला की वरची हवा तापून फुगते, दूध उतू येतं तशी, आणि उपग्रहांना अडवायला लागते. ते खाली घसरतात. त्यांना परत वर ढकलावं लागतं. दोन वर्षांपूर्वी याहून कितीतरी लहान वादळात नुकते सोडलेले चाळीसेक उपग्रह जळून खाली आले होते. आणि या शनिवारी अमेरिकेत मोठमोठ्या शेतांवर ट्रॅक्टर पेरणी सोडून उभे राहिले, कारण उपग्रह त्यांना वाट नीट सांगेनात.

सितारा सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "एवढी मोठी विमानं-बिमानं सोडून सूर्याला माझीच सहा पाखरं दिसली?"

"अम्मी, त्याला कुणीच दिसत नाही."

"तेच तर," सितारा म्हणाली. "ज्याला कुणी दिसतच नाही त्याच्याशी भांडू कशी?" आणि कात्री घेऊन परत वर गेली. मला वाटलं, संपलं. तिचा राग ज्याच्यावर निघायचा तो आता नऊ कोटी मैलांवर जाऊन बसला.

त्याच दुपारी मी तिच्या गच्चीत कुरडया वाळत घालत होते. माझ्या खोलीला ऊन नाही. छत्रीवर फडफड झाली. सितारा मशीनवरून अशी उठली की खुर्ची मागे पडली. पांढरा नर होता, लाल डोळ्यांचा. चोच उघडी, एक पाय वर धरलेला. पायात ॲल्युमिनियमचं कडं. असलं कडं आमच्या भागात फक्त कारभारीच्या पाखरांना असतं.

सिताराने मुठीतली बाजरी फरशीवर टाकली आणि "आओ, आओ" करत त्याला खाली घेतलं. पाखरू एवढं दमलेलं की धरताना हललंही नाही. तिने ते छातीशी घेतलं, आणि दुसरा हात कात्रीकडे गेला.

आता मी खोटं कशाला बोलू? मी म्हणाले, "काप."

मी कुरडईच्या पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाले, "सात-सात काप आणि पाठवून दे. रीतीनेच." आठ वर्षं त्या सुरमीचं रडगाणं मीही खालच्या खोलीत ऐकलं होतं. माझ्याही पोटात थोडं मुरलं असेल.

सिताराने एक पंख उघडून धरला. उन्हात पिसं काचेसारखी दिसत होती. तिने ती मोजली. मग दुसरा पंख मोजला. मग कात्री खाली ठेवली.

"काय झालं?" मी म्हणाले. "दया आली?"

"दया?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी मी तिला शिवीच दिली. "मावशी, हे मी गच्चीत कापलं तर कारभारीला काय दिसणार? कापलेलं पाखरू दिसेल, त्याच्या हिशेबात फिट्टंफाट झाली. रात्री सुखाने झोपेल. नाही. त्याला मोजायला लावते."

"आणि नुसतं सोडून दिलं तर?"

"तर दोन मिनिटांत चार गल्ल्या पार करून त्याच्या छत्रीवर बसेल, आणि मी हरले. माझी छत्री खाली." तिने पाखराला वाटीतलं पाणी पाजलं, त्याचा पाय हळदीने भरला आणि त्याला ओढणीत घेतलं. "चला, चपला घाला."

रविवारची पाच वाजताची वेळ. ऊन कललेलं, माणसं ओट्यावर. आम्ही दोघी चार गल्ल्या चालत गेलो. वाटेत जो भेटेल त्याला सितारा सांगत होती, "या, कारभारीकडे चाललेय. त्याचं पाखरू आलंय." अशा आमंत्रणाला कोण घरी बसतं? पोचेपर्यंत आमच्यामागे वीस-पंचवीस माणसं होती, आणि त्यांत जयरामही होता.

कारभारी बनियनवर ओट्यावर बसून आभाळाकडे बघत होता. पाखरू बघितल्यावर त्याचा चेहरा पोरासारखा झाला. "माझा राजा! सितारा, दे इकडे."

"थांब," सितारा म्हणाली. "आठ वर्षांपूर्वी माझ्या घरवाल्याचं पाखरू तुझ्याकडे उतरलं होतं. तू रीतीने परत दिलंस. आज तुझं माझ्याकडे उतरलं. मीही रीतीने देतेय. घेण्याआधी पिसं मोजून घे."

ज्यांना माहीत नव्हतं त्यांना शेजारच्यांनी कानात सांगितलं.

"त्याची काय गरज आहे?" कारभारी म्हणाला. "मला दिसतंय, सगळी आहेत."

"मला नाही दिसत. मी शिंपीण आहे, मला माप लागतं. मोज. मोठ्याने."

तो इकडेतिकडे बघायला लागला. त्याची बायको दारात आली होती. जयराम म्हणाला, "मोज ना कारभारीभाऊ, एवढं काय त्यात?"

सिताराने पंख उघडून धरला. कारभारीने बोट लावलं. "एक. दोन. तीन." दहापर्यंत पटपट गेला. दुसरा पंख उघडला. "अकरा. बारा. तेरा. चौदा." तिथे त्याचं बोट थांबलं. कापलेली तेवढीच होती, हे त्याच्या लक्षात आलं असावं. सिताराच्या तर लक्षातच होतं.

"पंधरावं कोण मोजणार?" ती म्हणाली.

"सितारा, तेव्हा मी रागात होतो..."

"पंधरा."

"पंधरा," तो म्हणाला. "सोळा. सतरा. अठरा. एकोणीस." शेवटचं इतकं हळू म्हणाला, की मागच्या माणसांनी "काय? काय?" केलं. सितारा म्हणाली, "ऐकू नाही आलं." मग तो ओरडलाच, "वीस! वीस आहेत!"

"नीट मोजलीस," असं म्हणून तिने पाखरू त्याच्या हातावर ठेवलं आणि ओढणी झटकली.

कारभारी मान खाली घालून आत जायला निघाला आणि उंबऱ्यावर थांबला. त्याला काहीतरी आठवलं. "जयराम! माझं पाखरू पहिलं आलं! मी जिंकलो!"

जयरामने डोकं खाजवलं. "हाताने आणलेलं धरत नाय, भाऊ. सगळ्यांनी बघितलं."

"पण ती सोडती तर ते उडून आलं असतं! दोन मिनिटांत!"

"हो," सितारा म्हणाली. "दोन मिनिटांचंच काम होतं."

परत येताना तिची चाल अशी की मला गाठायला धावावं लागलं. सोमवारी सूर्य मावळेपर्यंत कुणाचंच पाखरू आलं नाही. पैज रद्द झाली. दिवाळीनंतर पुन्हा, असं ठरलं. सिताराकडे न उडवलेली चार आणि अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं राहिली. कारभारीने बाहेरून पिल्लं आणून बारा नवी तयार करायला घेतली.

मला वाटलं तिचं मन भरलं. मी तसं विचारलंही. ती दाताने दोरा तोडून म्हणाली, "पिसांचं झालं. सुरमीचं राहिलंय."

दसऱ्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी दुपारी, अदिबा मोबाइल घेऊन गच्चीत आली. "अम्मी, सूर्याने पुन्हा मोठा भडका सोडलाय. आज रात्री नाहीतर उद्या पोचेल. आपली पिल्लं दोन दिवस सोडू नको." सिताराने ढाबळीचं दार लावलं आणि कडी घातली.

संध्याकाळी कारभारी बाराच्या बारा पाखरांची टोपली डोक्यावर घेऊन आमच्या खिडकीखालून जयरामच्या टेंपोकडे निघाला. सरावाला सेंधव्याला पाठवत होता. सितारा मशीनवर होती. मी दारात. तो मला म्हणाला, "कशा आहात, मावशी?"

माझ्या तोंडात मिश्री होती. मी मान हलवली. मिश्री थुंकून बोलता आलं असतं, तेवढा वेळ तो उभा होता. मी थुंकले नाही. वर मशीन एकदाही थांबलं नाही.

अदिबाला ते रात्री कळलं. "अम्मी, त्या पाखरांनी तुझं काय केलं होतं?" एवढंच बोलली, आणि पुढचे चार दिवस आईशी बोलली नाही. शुक्रवारी पहाटेपासून सिताराने गच्चीच्या चारी कोपऱ्यांत पाण्याची मडकी ठेवली, कठड्यावर बाजरी पसरली. बारातली दोन आली, कारभारीच्या छत्रीवर. दहा आली नाहीत. दुपारभर चार गल्ल्यांपलीकडून त्याचं "आओ, आओ" ऐकू येत होतं. शेवटी शेवटी घसा बसला होता.

संध्याकाळी सितारा त्याच्या ओट्यावर गेली. मी बरोबर होतेच. तो जयरामला शिव्या देत होता. ती म्हणाली, "जयरामला सोड. सूर्याचं वादळ होतं. मला काल दुपारीच कळलं होतं."

कारभारी ओट्यावरून उठला. "मग सांगितलं का नाहीस?"

"सुरमीला कापायच्या आधी तू कुणाला सांगितलं होतंस?"

मला त्या ओट्यावर उभं राहवेना, मी आधीच निघाले.

दिवाळीनंतर पैजेचा दिवस आला. सिताराकडे उडणारी सात होती. कारभारीकडे तीन. त्याने जयरामला निरोप पाठवला, आणि सकाळी नऊच्या सुमारास शिडी लावून स्वतःच्या हाताने छत्री उतरवली. आमच्या गच्चीतून सगळं दिसत होतं. पट्ट्यांची चौकट आधी खाली गेली, मग दोर, मग बांबू आडवा झाला. तेवढ्या जागेत आभाळ एकदम मोकळं दिसायला लागलं.

अदिबा आत निघून गेली. मी सिताराकडे बघितलं. ती हातातल्या ब्लाउजला काज करत तिकडे बघत होती. मग म्हणाली, "मावशी, बांबू चांगला लांब आहे त्याचा. विचारून बघा, देतो का."